म्हैस माजावर येत नाही? संप्रेरकाची सुई देण्याआधी, देताना आणि दिल्यानंतर

“डॉक्टर, माजावर आणायची एक सुई मारा की.” कारखान्यांची धुराडी पेटली, दावणीला उसाचे वाढे (हिरवे शेंडे) आले, की पंढरपूर, माढा, माळशिरस या पट्ट्यात हे वाक्य रोज कानावर येतं. हीच मागणी औषध दुकानातही होते, आणि तिथे ती कुणी जनावर न बघताच पुरी केली जाते.

अडचण अशी की ‘माजावर आणायची सुई’ नावाची एकच एक सुई नसते. चार-पाच वेगवेगळी संप्रेरकं असतात, प्रत्येकाचं काम निराळं. ज्या सुईने एक म्हैस चौथ्या दिवशी माजावर येते, तीच सुई शेजारच्या दाव्याची गाभण म्हैस गाभडवते. म्हणून सुई मागण्याआधी ती आत नेमकी कशावर चालणार हे बघायचं. हा सगळा लेख त्यासाठीच आहे. टप्पे गोठ्यात ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने दिले आहेत. अधला टप्पा गाळून पुढे उडी मारली तर पैसे जातात आणि २१ दिवसही जातात.

आत काय चालतं ते आधी समजून घ्या

गाय असो की म्हैस, माजाचं चक्र साधारण २१ दिवसांचं, १८ ते २४ दिवसांत बसणारं. मेंदूच्या तळातून जीएनआरएच नावाचं संप्रेरक सुटतं. ते मेंदूखालच्या पीयूष ग्रंथीला हुकूम देतं. ग्रंथीतून निघालेल्या एफएसएच आणि एलएच या संप्रेरकांमुळे अंडाशयावर पाण्याच्या फोडासारखी पुटिका वाढते. ही पुटिका इस्ट्रोजेन सोडते आणि तेच माजाचं मूळ: ओरडणं, सोट (योनीतून येणारा चिकट स्राव) टाकणं, उडून घेणं हे सगळं त्याचं काम. मग एलएचचा एक मोठा लोंढा येतो, पुटिका फुटते, बीज बाहेर पडतं. फुटलेल्या जागी पीतपिंड तयार होतो. तो प्रोजेस्टेरॉन सोडतो, आणि प्रोजेस्टेरॉन रक्तात आहे तोवर पुढचा माज येत नाही. गर्भ राहिला तर पीतपिंड टिकतो. गर्भ नाही असं दिसलं तर सोळाव्या-सतराव्या दिवसाच्या सुमारास गर्भाशय स्वतःच प्रोस्टाग्लँडिन सोडतं, पीतपिंड विरतो, चक्र पुन्हा सुरू.

ही माहिती बहुतांशी पाळीव जनावरांच्या जिवावरच गोळा झाली आहे. १८४९ मध्ये जर्मनीतल्या गॉटिंगेनला बर्थोल्ड यांनी खच्ची केलेल्या कोंबड्याच्या पोटात वृषण बसवलं. त्याचा तुरा पुन्हा वाढला, तो आरवू लागला, भांडू लागला. रक्तातून जाणारा काहीतरी संदेश असतो याचा तो पहिला धडधडीत पुरावा. प्रोजेस्टेरॉन १९३४ मध्ये शुद्ध स्वरूपात मिळालं ते डुकरिणींच्या अंडाशयांतून. जीएनआरएचचा शोध घ्यायला शॅली यांनी कत्तलखान्यांतून डुकरांच्या मेंदूचे तुकडे जमवले, गिलेमिन यांनी मेंढ्यांच्या. दोन्हीकडे आकडा लाखांत. १९७१ मध्ये त्याची रचना उलगडली आणि १९७७ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. त्याच वर्षी ते रोझलिन यॅलो यांनाही मिळालं. रक्तातलं संप्रेरक अगदी सूक्ष्म प्रमाणातही मोजण्याची पद्धत त्यांनी बसवली होती. आज दुधाच्या थेंबातून म्हैस रिकामी आहे की नाही हे सांगता येतं, त्याची मुळं तिथे आहेत.

यातून गोठ्यासाठी एकच गोष्ट लक्षात ठेवा: सुई आतलं चक्र ढकलते, थांबवते किंवा एका वेळेवर आणते. मुळात चक्रच सुरू नसेल तर ती बहुतेक वेळा हात हलवत परत येते.

पहिला टप्पा: वही

प्रत्येक जनावराला एक पान. वर कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी क्रमांक. खाली व्यायल्याची तारीख, वार आपोआप पडली की अडकली, व्यायल्यावर घाण किती दिवस गेली, पहिला माज कधी दिसला, सकाळी की संध्याकाळी, किती वाजता भरवली (रेतन केलं), कोणत्या वळूच्या रेताची कांडी, पुन्हा कधी उलटली (न राहता परत माजावर आली).

गायी-कालवडींत माजानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शेपटीला थोडं रक्त दिसतं. लोक घाबरतात किंवा ‘आता राहत नाही’ म्हणून सोडून देतात. त्या रक्तावरून गाय राहिली की नाही हे ठरत नाही. ते इतकंच सांगतं की माज दोन-तीन दिवसांपूर्वी येऊन गेला. ती तारीख वहीत लिहा आणि तिथून अठराव्या-एकोणिसाव्या दिवशी पहाटे टॉर्च घेऊन उभे राहा. माज पकडायचा याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

व्यायल्यावर गर्भाशय पूर्ववत व्हायला साधारण सहा आठवडे लागतात. त्यामुळे ६० दिवसांच्या आत सुई मागू नका. गाय दोन महिन्यांत, म्हैस अडीच-तीन महिन्यांत माजावर दिसली नाही, तर पुढच्या टप्प्याला लागा. वार अडकली असेल किंवा व्यायल्यावर पू गेला असेल तर मात्र इतकं थांबू नका; चाळीस दिवसांनी तपासून घ्या.

दुसरा टप्पा: माज येत नाही की दिसत नाही?

‘येतच नाही’ म्हणून दाखवलेल्या म्हशींपैकी बऱ्याच जणी मुक्या माजाच्या निघतात. आत चक्र व्यवस्थित चालू असतं, बाहेर गाजावाजा नसतो. म्हैस गायीसारखी दुसरीवर फारशी उडत नाही, आणि आपल्याकडे पंढरपुरी म्हशी दिवसभर दाव्यालाच असतात. उडणार तरी कशी? त्यात माजाची लक्षणं रात्री आणि पहाटे जास्त, म्हणजे आपण झोपलेले असतो तेव्हा.

पहाटे पाचला आणि रात्री नऊ-दहाला, दोन्ही वेळा निदान वीस मिनिटं फक्त बघण्यासाठी गोठ्यात जा. शेण काढता काढता बघणं यात धरू नका. म्हैस बसलेली असताना मागची जमीन बघा, कारण बसल्यावर पोटाच्या दाबाने सोट बाहेर येतो. शेपटीच्या गोंड्याला वाळलेला, चकाकणारा पापुद्रा चिकटलाय का ते बघा. योनीचे ओठ नेहमीपेक्षा सुजलेले, आतून लालसर ओलसर. थोडं थोडं वारंवार मुतणं. त्या वेळच्या धारेत दूध अचानक घटणं. पेंड समोर असून मान वर करून उभं राहणं. म्हशीत यातली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली तरी पुरे.

सोट बोटांवर घेऊन उजेडात धरा. माजाचा सोट काचेसारखा आरपार दिसतो आणि दोन बोटं लांब केली तरी तुटत नाही, तार ओढली जाते. त्यात पांढरे-पिवळसर कण असले, तो गढूळ असला किंवा वास मारत असला, तर गर्भाशयात जंतू आहेत. अशा माजाला भरवू नका. कांडी फुकट जाते आणि आजार आत ढकलला जातो.

माज सकाळी दिसला तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. बीज माज संपल्यावर दहा ते चौदा तासांनी सुटतं, म्हणून ही बारा तासांची वाट. म्हशीत माज लांबला तर बारा तासांनी पुन्हा एकदा भरवायला हरकत नाही.

तिसरा टप्पा: दावण आणि ऊन

सोलापूरचा गोठा दोन गोष्टींवर चालतो, कडबा आणि वाढे. मालदांडी ज्वारीचा कडबा चवीला उत्तम, पण त्यात प्रथिनं आणि स्फुरद कमी. वाढ्यांत ऑक्झॅलेट असतं. ते कॅल्शियमला धरून ठेवतं आणि जनावराला मिळू देत नाही. नोव्हेंबर ते मार्च फक्त वाढ्यांवर काढलेली म्हैस पोटभर खाऊनही आतून उपाशी असते. दूध वासराला आणि डेअरीला द्यायचंच असल्याने शरीर काटकसर करतं, आणि पहिली कात्री प्रजननावर लागते. पीयूष ग्रंथीतून येणारे एलएचचे ठोके मंदावतात, अंडाशय गुळगुळीत होऊन बसतं.

वाढे बंद करा असं कुणी म्हणणार नाही, परवडतच नाही. पण तो एकमेव चारा ठेवू नका. मका, लसूणघास, दशरथ घास, जे पाण्यावर जमेल ते थोडं रोज जाऊ द्या. खनिज मिश्रण मोठ्या जनावराला रोज ५० ते ६० ग्रॅम, आणि तेही वर्षभर. माज येत नाही म्हणून आठ दिवस चारून उपयोग नाही. शेण तपासून जंताचं औषध. बरगड्या लांबून मोजता येत असतील तर आधी अंग भरू द्या.

याला वेळ लागतो हे कबूल करायला हवं. आज फुटणाऱ्या पुटिकेची वाढ काही महिन्यांपूर्वी सुरू झालेली असते. म्हणजे जानेवारीतल्या उपासमारीचा हिशोब मार्च-एप्रिलमध्ये चुकता होतो, आणि आज सुरू केलेल्या पेंडीचं फळही तसंच उशिरा दिसतं.

आता ऊन. म्हैस ही दिवस लहान होत जातात तेव्हा माजावर येणारी जात. रात्र वाढली की मेलॅटोनिन हे संप्रेरक जास्त वेळ स्रवतं आणि प्रजननाची यंत्रणा जागी होते. म्हणून पावसाळा उतरणीला लागल्यापासून माघापर्यंत तिचा खरा हंगाम. एप्रिल-मेमध्ये इथे पारा ४२ च्या पुढे जातो, म्हशीची कातडी काळी, घामाच्या ग्रंथी कमी. ती बिचारी धापा टाकण्यातच दिवस काढते. उन्हाळ्यात दुपारी दोनदा अंगावर पाणी, पत्र्यावर पाचट किंवा हिरवी जाळी, वैरण रात्री आणि पहाटे. एवढं केलं तर काही म्हशी उन्हाळ्यातही माज दाखवतात. मेच्या मध्यावर, हाडं दिसणाऱ्या म्हशीवर महागडं संप्रेरकाचं वेळापत्रक चालवायला मी तरी सांगणार नाही. तेच पैसे ऑगस्टपर्यंत पेंडीत घाला.

चौथा टप्पा: हात घालून तपासणी

सगळा लेख विसरलात तरी चालेल, हा टप्पा विसरू नका. खांद्यापर्यंतचा हातमोजा घालून पशुवैद्यक गुदमार्गातून गर्भाशय आणि अंडाशय चाचपतात. त्यांना काय लागलं हे स्पष्ट विचारा आणि वहीत लिहा. शक्यता साधारण अशा.

म्हैस गाभण निघते. हसू नका, वरचेवर घडतं. सांगोल्याच्या बाजारातून किंवा पंढरपूरच्या कार्तिकीत घेतलेल्या जनावराचा इतिहास विकणाऱ्याच्या शब्दावर असतो. हाल्या (रेडा) कधी उडून गेला कुणाला कळत नाही. अशा म्हशीला प्रोस्टाग्लँडिन बसलं की पीतपिंड विरला आणि गर्भ गेला.

अंडाशयावर पीतपिंड आहे. म्हणजे चक्र सुरू आहे, माज मुका आहे किंवा आपल्या नजरेतून सुटला. सगळ्यात सोपं प्रकरण.

दोन्ही अंडाशयं लहान, गुळगुळीत. दहा दिवसांनी पुन्हा बघितलं तरी तशीच. हा खरा वांझ काळ, चक्रच बंद. इथे प्रोस्टाग्लँडिन देणं म्हणजे नसलेल्या पीतपिंडाला मारायला जाणं. औषध दुकानातून आणलेल्या सुया वाया जातात त्या बहुतेक इथेच.

गर्भाशय जड, आत पू, आणि पीतपिंड चिकटून बसलेला. पू असेपर्यंत गर्भाशय स्वतःचं प्रोस्टाग्लँडिन नीट सोडत नाही, त्यामुळे माज नाही. बाहेरून प्रोस्टाग्लँडिन दिलं की तोंड उघडतं, घाण बाहेर पडते. तो माज मात्र सोडून द्यायचा.

अंडाशयावर मोठी, अडीच सेंटीमीटरहून जास्त व्यासाची, न फुटणारी पुटिका. जास्त दुधाच्या संकरित गायींत हे जास्त दिसतं. गाय कधी रोज माजावर असल्यासारखी वागते, कधी अजिबात नाही.

कालवडीच्या बाबतीत एक प्रश्न आधी विचारा: ही जुळ्यातली आहे का, आणि जोडीला गोऱ्हा होता का? गायीच्या जुळ्यांत वारेतल्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडल्या जातात. नराची संप्रेरकं आणि पेशी मादीकडे जातात आणि तिचे अवयव अर्धवट राहतात. अमेरिकन शास्त्रज्ञ लिली यांनी १९१६-१७ मध्ये हे उलगडलं. अशा दहातल्या नऊहून अधिक कालवडी कायमच्या वांझ असतात. वासरू लहान असतानाच डॉक्टर गुळगुळीत नळी अलगद घालून योनीची लांबी बघतात. निम्म्यावरच अडली तर संशय पक्का, आणि तीन वर्षांची वैरण वाचली.

पाचवा टप्पा: कोणती सुई, कधी

खालची मात्रा तुम्ही स्वतः टोचावी म्हणून लिहिलेली नाही. डॉक्टरांशी बोलताना बाटलीवर काय लिहिलंय ते कळावं, एवढ्यासाठी.

पीतपिंड सापडला असेल तर प्रोस्टाग्लँडिनची एक सुई. क्लोप्रोस्टेनॉल असेल तर ५०० मायक्रोग्रॅम, बहुतेक बाटल्यांत ते २ मिलीत असतं. डायनोप्रोस्ट असेल तर २५ मिलिग्रॅम, म्हणजे ५ मिली. माज दुसऱ्या ते पाचव्या दिवसात. या चार दिवसांत लक्ष ठेवायचं आणि माज दिसला की नेहमीच्या हिशोबाने भरवायचं. माज होऊन पाच दिवसही झाले नसतील तर कोवळा पीतपिंड या सुईला दाद देत नाही. त्यामुळेच गोठ्यातल्या पाच-सहा जनावरांना एकदम माजावर आणायचं असेल तर सगळ्यांना ११ दिवसांच्या अंतराने दोन सुया देतात. पहिलीला जी निसटली ती दुसरीला सापडते. अर्थात सगळी रिकामी आहेत हे तपासल्यावरच.

माज ओळखणंच जमत नसेल तर ठरावीक वेळेला भरवायची पद्धत. अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या पर्सली आणि विल्टबँक यांच्या गटाने १९९५ मध्ये ती मांडली. ओव्हसिंक म्हणून डॉक्टर तिला ओळखतात. पहिली सुई जीएनआरएचची, उदाहरणार्थ ब्युसेरेलिन १० मायक्रोग्रॅम: मोठी पुटिका फुटते आणि पुटिकांची नवी लाट सुरू होते. सात दिवसांनी प्रोस्टाग्लँडिन: पीतपिंड विरतो. ४८ ते ५६ तासांनी पुन्हा जीएनआरएच: नवी पुटिका ठरल्या वेळी फुटते. त्यानंतर १६ ते २० तासांनी माज दिसो न दिसो, भरवायचं.

आपल्याकडे ते असं बसवा. सोमवार संध्याकाळी ५ ला पहिली सुई. पुढच्या सोमवारी संध्याकाळी ५ ला दुसरी. बुधवारी संध्याकाळी ५ ला तिसरी. गुरुवारी सकाळी ९ ते दुपारी १ च्या आत भरवणं. संध्याकाळची वेळ मुद्दाम घेतली आहे, म्हणजे शेवटची पाळी सकाळी येते आणि दवाखान्याच्या किंवा रेतन करणाऱ्याच्या वेळेत बसते. तुमच्या गावचा बाजार ज्या वारी असेल तो वार यात येऊ देऊ नका. घरात माणूस नसतो आणि सुई ‘उद्या बघू’वर जाते. बुधवारची सुई गुरुवारवर गेली तर आधीच्या दोन्ही सुया पाण्यात. गोठ्याच्या दारावर खडूने चारही वार-वेळा लिहून ठेवा, घरातल्या प्रत्येकाला दिसतील अशा.

अपेक्षा किती ठेवायची? दुभत्या गायींत या पद्धतीने एका फेरीत शंभरातल्या तीस-चाळीस गाभण राहतात. नैसर्गिक माज अचूक पकडून भरवलेल्या गायींतही आकडा फार वेगळा नसतो. या वेळापत्रकाची कमाई अशी की एकही जनावर भरवायचं राहून जात नाही. म्हशीत हंगामात आणि चक्र सुरू असेल तर बरा निकाल लागतो, भर उन्हाळ्यात आणि गुळगुळीत अंडाशयावर फार वाईट.

चक्रच बंद असेल, पण अंग भरलेलं असेल, तर योनीत बसवायचं प्रोजेस्टेरॉनचं साधन. सात ते नऊ दिवस आत राहतं आणि रक्तात प्रोजेस्टेरॉनची पातळी टिकवून ठेवतं. काढायच्या सुमारास प्रोस्टाग्लँडिन, आणि बऱ्याचदा ईसीजी म्हणजे गाभण घोडीच्या रक्तातून मिळणारं संप्रेरक. ते १९३० मध्ये कोल आणि हार्ट यांनी शोधलं. पुटिकेला ते जोर देतं. साधन काढलं की एकाएकी प्रोजेस्टेरॉन उतरतं, मेंदूला वाटतं चक्र फिरलं, आणि दोन-तीन दिवसांत माज. साधनाची दोरी बाहेर लोंबते. शेजारच्या म्हशीने चघळून ओढू नये म्हणून ती आखूड कापून घ्या. काढताना थोडा पांढरट स्राव दिसतो, त्याने घाबरू नका. महाग प्रकरण आहे, पण गुळगुळीत अंडाशयाला साध्या सुयांपेक्षा यातच अर्थ आहे.

सहावा टप्पा: बाटली हाताळताना

प्रोस्टाग्लँडिन कातडीतून शरीरात शिरतं. गरोदर बाईने, दमेकरी माणसाने ते हातात घेऊच नये. आपल्याकडे जनावर धरायला बहुतेक वेळा घरातली बाईमाणसंच असतात, म्हणून हे घरी बसवून सांगा. सांडलं तर लगेच साबणाने धुवा. सुई प्रत्येक जनावराला नवी.

ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळायची असतात. बाटलीवर लिहिलेलं तापमान पाळा. एप्रिलमध्ये मोटारसायकलच्या डिकीत दुपारभर फिरलेलं जीएनआरएच किंवा ईसीजी काम करेल याचा भरवसा धरू नका. अर्धी उरलेली बाटली ‘पुढच्या खेपेला’ म्हणून देवळीत ठेवू नका. पुढच्या खेपेला लेबल पुसलेलं असतं आणि समोर गाभण म्हैस असते.

देवळीचा विषय निघालाच आहे तर तिथे हमखास सापडणाऱ्या दोन संप्रेरकांविषयी. लोक त्यांना संप्रेरक समजतच नाहीत.

एक, पान्ह्याची सुई, म्हणजे ऑक्सिटोसिन. १९५३ मध्ये दु विग्नो यांनी ते प्रयोगशाळेत बनवलं, १९५५ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. अडलेल्या बाळंतिणीसाठी ते वरदान आहे. दूध त्याने तयार होत नाही, कासेत असलेलं फक्त खाली येतं. रोजच्या सुईची सवय लागली की म्हैस सुईशिवाय पान्हा सोडत नाही, आणि माजाचंही गणित बिघडू शकतं. दूध वाढवण्यासाठी जनावराच्या आरोग्याला घातक असं काही टोचणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. रेडकू मेलेली म्हैस अडवते हे खरं. तिला ठरलेली वेळ, ठरलेला माणूस, कोमट पाण्याने कास धुणं आणि समोर आंबोण यावर आणा. कास चोळल्यावर मिनिटाभरात तिचं स्वतःचं ऑक्सिटोसिन सुटतं आणि पाच-सात मिनिटांत ओसरतं. तेवढ्यात धार संपली पाहिजे. ओरडा, काठी, अनोळखी माणूस यांनी अॅड्रेनलिन सुटतं आणि पान्हा तिथेच आटतो. घरोघर दारात म्हैस नेऊन धार काढून देणाऱ्या पंढरपूरच्या गवळ्यांना हे कुणी शिकवावं लागलं नाही.

दुसरं, डेक्सामिथॅसोन. ताप, सूज, लंगडणं, कशालाही टोचलं जातं. न्यूझीलंडच्या लिगिन्स यांनी १९६० च्या दशकात मेंढ्यांवर दाखवलं की प्रसूतीचा इशारा पोटातलं कोकरूच देतं, आणि तो इशारा म्हणजे त्याच्या अधिवृक्क ग्रंथीतलं कॉर्टिसॉल. डेक्सामिथॅसोन त्याच जातीचं. शेवटच्या तीन महिन्यांतल्या गाभण जनावराला ते बसलं तर वासरू वेळेआधी बाहेर येऊ शकतं. याच मेंढ्यांच्या कामातून अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणात आईला ती सुई देऊन बाळाची फुप्फुसं पिकवण्याची पद्धत निघाली. माणसाच्या दवाखान्यात ती आजही रोज वापरात आहे. म्हणून कुठल्याही आजाराला डॉक्टर आले की पहिलं वाक्य ‘एवढ्या महिन्यांची गाभण आहे’ हे असू द्या.

सातवा टप्पा: राहिली का?

भरवल्यावर अठराव्या ते चोविसाव्या दिवसापर्यंत पुन्हा पहाटे-रात्रीची नजर. या काळात दुधातलं प्रोजेस्टेरॉन तपासायची सोय असेल तर २१ ते २४ व्या दिवसाचा नमुना द्या. पातळी कमी निघाली तर म्हैस रिकामी आहे हे जवळजवळ नक्की. जास्त निघाली तर गाभण असण्याची शक्यता, खात्री नाही. चक्र थोडं लांबलं तरी ती जास्त दिसते. सोनोग्राफी तिसाव्या दिवसापासून, हाताची तपासणी साठाव्या दिवसापासून. ‘उलटली नाही म्हणजे राहिली’ हा हिशोब मुक्या माजाच्या म्हशीत चालत नाही.

गायीचे २८० दिवस, म्हशीचे साधारण ३१०. १ ऑक्टोबरला भरवलेली गाय ८ जुलैच्या आसपास, म्हैस ७ ऑगस्टच्या आसपास. त्याच्या दोन महिने आधी आटवायची (धार बंद करायची) तारीखही आजच लिहा.

तीनदा भरवूनही उलटत असेल तर चौथी कांडी लगेच घालू नका. भरवताना जीएनआरएच देऊन काही जनावरं राहतात, कारण त्यांचं बीज उशिरा सुटत असतं. पण आधी वहीतून वेळ तपासा, सोट तपासा, नायट्रोजनच्या टाकीची स्थिती आणि कांडी ३७ अंशाच्या पाण्यात ३० सेकंद वितळवली जाते का ते डोळ्याने बघा. एकाच माणसाच्या हातून गावातल्या सगळ्याच म्हशी उलटत असतील तर दोष म्हशींत शोधण्यात अर्थ नाही.

रिकाम्या जनावराचा खर्चही मांडा. रोजची वैरण-पेंड १५० रुपयांची धरली तर हुकलेला एक माज म्हणजे ३,१५० रुपये, शिवाय पुढे ढकललेलं वेत. वर्षभर रिकाम्या राहिलेल्या, तपासणीत अवयवच अपुरे निघालेल्या जनावरावर आणखी सुया घालण्यापेक्षा ते ठेवायचं की नाही हा निर्णय आधी घ्या.

मदतीसाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक, गावाजवळचा पशुवैद्यकीय दवाखाना, तालुक्याचं लघु पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय. आहार-चाऱ्याच्या सल्ल्याला मोहोळ आणि सोलापूरजवळच्या खेडची कृषी विज्ञान केंद्रं. गुंतागुंतीच्या प्रकरणाला शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय. फोन लावताना वही उघडी ठेवा आणि पाच गोष्टी सांगा: व्यायल्याची तारीख, वार अडकली होती का, शेवटचा माज कधी आणि कोणत्या वेळी दिसला, कितीदा भरवली, आणि आजवर कोणकोणत्या सुया दिल्या. शेवटच्या प्रश्नाला लोक लाजतात आणि दुकानातून आणलेली सुई लपवतात. बाटली फेकली असेल तर निदान खोक्याचा फोटो पाठवा. पुढची सुई कधी आणि कोणती द्यायची हे त्यावरच ठरणार असतं.